जुन्या ४०० च्या जकार्डला हार्नेस बांधायचाय, कसा बांधू?

तूरवाला

रामराम मंडळी.

गेली चार वर्षं घरच्या पडवीत हातमागावर सुती स्टोल विणतोय. आतापर्यंतचं सगळं काम दोन नाहीतर चार वह्यांवर (तारा उचलणाऱ्या चौकटींवर) झालं. साधी वीण, ट्विल, थोडे चौकडे. दिवाळीच्या सुमारास इचलकरंजीत भंगाराच्या एका गोदामात ४०० चं जुनं जकार्ड (कार्डांवरच्या भोकांप्रमाणे ताण्याच्या तारा उचलून नक्षी काढणारं यंत्र) दिसलं आणि सोडवेना. सिंगल लिफ्ट, एकच सिलिंडर. डिझेल आणि ब्रश घेऊन बसलो, वाकलेले हूक सरळ केले, स्प्रिंगा बदलल्या. आता कुठलीही सुई बोटाने ढकलली तर आपण होऊन परत येते.

तर वर जकार्ड आहे, खाली माग आहे आणि मधे नुसती हवा आहे. हार्नेस, म्हणजे हुकांपासून तारांपर्यंतच्या दोऱ्यांचा सगळा संच, आधीच्या मालकाने कापून टाकलेला.

माझं माप असं: ताणा २८ इंच रुंद, इंचाला ४८ तार, एकूण १३४४ तार. दोन्ही बाजूंना ४-४ इंचाचे काठ, मधलं अंग २० इंच. डावा आणि उजवा काठ एकमेकांसमोर आरशासारखे यावेत. अंगावर बुट्टे. बुट्ट्यांसाठी जादा बाणा वापरणार आहे. छप्पर पत्र्याचं आणि बुटकं, त्यामुळे कॉम्बर बोर्डापासून (दोऱ्या ओवायच्या भोकांच्या फळीपासून) जकार्डाच्या तळापर्यंत सध्या ३० इंचच जागा मिळतेय.

हुकांची वाटणी कशी करू? दोऱ्या वरून बांधत यायचं की खालून? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. माझ्या आसपास आता हे काम जाणणारं कुणी उरलेलं नाही.

धोटा

फोटो टाका. खुर्ची ओढून बसलोय.

निवृत्त_जॉबर

पहिली गोष्ट. ४०० चं म्हणतात पण सुया मोजा, ४०८ भरतील. आठ-आठच्या ५१ ओळी. कार्डावर बघितलंत तर मधल्या दोरीच्या भोकांच्या एका बाजूला २६ ओळी आणि दुसऱ्या बाजूला २५ दिसतील. हे आठ आणि एक्कावन्न डोक्यात पक्कं बसवा. पुढचं सगळं गणित आठाच्या पटीत चालतं.

तुमच्या मापाला मिश्र बांधणी सरळसरळ बसते. काठ ४ इंच म्हणजे १९२ तार, त्याला १९२ हूक. त्यातल्या प्रत्येक हुकाला दोन दोऱ्या, एक डाव्या काठात आणि एक उजव्या काठात. अंग २० इंच म्हणजे ९६० तार. त्याला दुसरे १९२ हूक घ्या, प्रत्येकाला पाच दोऱ्या. चार इंचांचा एक बुट्टा, असे पाच बुट्टे ओळीत. एकूण ३८४ हूक, म्हणजे ४८ ओळी. तीन ओळी शिल्लक, त्यातून किनारीच्या तारा चालवा.

कॉम्बर बोर्ड आठ भोकं खोल (मागून पुढे) घ्या. इंचाला सहा ओळी म्हणजे ४८ भोकं. भोकं ताराशी जुळली नाहीत तर दोऱ्या तिरक्या चालतात आणि सहा महिन्यांत करवतीने कापल्यासारख्या तुटतात. फणीची (तारा सारख्या अंतरावर धरणाऱ्या) आणि बोर्डाची रुंदी एक असली पाहिजे, यात तडजोड नको.

की_बोर्ड_पुणे

मी विणकर नाही, पण धागा सोडवत नाहीये. हूक, सुई, दोरी यांचा एकमेकांशी संबंध काय, कुणी माझ्यासारख्याला कळेल असं सांगेल का?

पूर्वभागकर

सांगते. माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे मागाचा आवाज. मागाला आम्ही मग्गम म्हणायचो.

ताण्याची प्रत्येक तार एका छोट्या डोळ्यातून जाते. डोळ्याच्या खाली लोखंडी सळईसारखं वजन लोंबतं, तो लिंगो. डोळ्याच्या वर दोरी. ती दोरी भोकांच्या फळीतून, म्हणजे कॉम्बर बोर्डातून वर जाते आणि जकार्डातल्या एका उभ्या हुकाला बांधलेली असते. हूक वर गेला की दोरी वर, दोरी वर की डोळा वर, डोळा वर की तार वर. लिंगोचं काम एवढंच की हूक सुटला की तार पुन्हा खाली खेचायची.

आता कुठला हूक वर जाणार हे कोण ठरवतं? प्रत्येक हुकाला आडवी सुई अडकवलेली असते. समोरून पुठ्ठ्याचं कार्ड येऊन सुयांवर टेकतं. जिथे भोक आहे तिथे सुई भोकात शिरते, हूक जागच्या जागी राहतो आणि वर जाणारी पट्टी त्याला उचलते. जिथे भोक नाही तिथे कार्ड सुईला मागे ढकलतं, हूक पट्टीवरून सरकतो आणि खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे एक पीक, म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. मग चौकोनी सिलिंडर पाव फेरा फिरतो आणि पुढचं कार्ड समोर येतं.

आजोबा म्हणायचे, कार्ड म्हणजे रोजची भाजी आणि हार्नेस म्हणजे चूल. भाजी रोज बदला, चूल एकदाच मांडायची. सोलापूरच्या चादरीची नक्षी बदलायची तर ते कार्डांची माळ बदलत. हार्नेसला मात्र वर्षानुवर्षं हात लावत नसत. म्हणून तूरवालादादा, पहिला बुट्टा कोणता विणायचाय एवढ्यावरून बांधू नका. पुढच्या दहा वर्षांत काय काय विणायचंय ते आधी कागदावर मांडा.

की_बोर्ड_पुणे

ताई, मनापासून धन्यवाद. पहिल्यांदा कळलं. भोक आणि भोक नाही, म्हणजे आमचंच एक आणि शून्य! चार्ल्स बॅबेजने आपल्या यंत्रासाठी कार्डांची कल्पना इथूनच उचलली होती. १८३९ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला, हे यंत्र काढणाऱ्या जकार्डचं एक रेशमी विणीव चित्र तयार झालं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. बॅबेजने ते स्वतःकडे ठेवलं होतं आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा.

धोटा

२४ हजार कार्डं. एकेक हाताने पाडलेलं आणि एकेक दोरीने ओवलेलं. ओवणाऱ्या हातांना दंडवत.

दख्खनी_पोत

जॉबरकाकांच्या वाटणीला माझी एक पुरवणी. अंग पॉइंट बांधणीत बांधलं तर? म्हणजे हूक १ ते १६० डावीकडून उजवीकडे, मग तेच १६० उलटे, पुन्हा सुलटे. असे सहा भाग केले की ९६० तार भरतात. बुट्टा चारऐवजी साडेसहा इंचांहून थोडा मोठा होतो, आणि हूक १९२ ऐवजी १६० च लागतात. कमी हुकांत मोठी नक्षी, शिवाय कार्डावर अर्धीच काढायची. दरबारी वेल, कोयऱ्यांची जोडी, कमळ, सगळं सममित असतंच की.

एक काळजी घ्यायची. टोकावर, जिथे नक्षी परत फिरते, तिथे एकाच हुकाच्या दोन तारा शेजारी शेजारी येतात आणि एकदम वर जातात. कापडावर ती जोडतार उभ्या रेघेसारखी दिसते. म्हणून टोकाच्या हुकाला तिथे एकच दोरी बांधायची.

पूर्वभागकर

पॉइंट बांधणी देखणी आहे पण एकदा बांधली की सगळंच आरशात. एकटा मोर विणताच येत नाही, कायम दोन मोर समोरासमोर.

आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात लग्नाच्या चादरींवर नावं विणून द्यायची ऑर्डर आली होती. माग पॉइंटचा आहे हे कुणी पाहिलंच नाही. अर्ध्या चादरीवर नाव सरळ, अर्ध्यावर उलटं. नवरीकडच्यांना वाटलं मुद्दाम केलंय, एक बाजू तिला वाचायला आणि एक त्याला, समोरासमोर झोपल्यावर! त्यांनी खुशीने ठेवून घेतल्या. पण दर वेळी असं नशीब नसतं.

निवृत्त_जॉबर

ताई म्हणतात ते खरं आहे. काठ आरशात ठेवा, अंग सरळ ठेवा. काठाला आरसा शोभतो. अंगाला मोकळीक हवी.

क्रोआ_रूसची_पायरी

मी फ्रान्समध्ये लिऑनला राहते, मूळची साताऱ्याची. बांधणीतलं मला कळत नाही पण उंचीबद्दल काही पाहिलंय ते लिहिते.

इथे क्रोआ-रूस नावाची टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकात रेशमाच्या विणकरांची वस्ती तिथे झाली. त्यांना इथे कानू म्हणतात. १८०४ मध्ये जकार्डाचं यंत्र आलं आणि जुन्या बुटक्या घरांत ते मावेना. मग या टेकडीवर खास विणकरांसाठी इमारती उठल्या. एकेका खोलीचं छत चार मीटर उंच, खिडक्याही तशाच लांबलचक. आता तिथे लोक पोटमाळे घालून राहतात. विणकरांच्या आठवणीचं एक संग्रहालय आहे, तिथे अजून हाताने माग चालवून दाखवतात. मान वर करून पाहिलं तर छताखाली जकार्ड आणि त्यातून पावसाच्या सरींसारख्या उतरणाऱ्या दोऱ्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ बोलताच आलं नाही.

घरं यंत्राच्या मापाने बांधली गेली, म्हणजे उंची नक्कीच महत्त्वाची असणार. तुमचे ३० इंच ऐकून काळजी वाटली.

ओळंबा

काळजी रास्त आहे, मी आकडाच देतो.

हूक सरळ वर जातो पण कडेची दोरी तिरकी असते. त्यामुळे हूक ४ इंच उचलला तरी कडेचा डोळा तेवढा उचलला जात नाही. २८ इंची ताण्यात मधल्या हुकापासून कडेची दोरी १४ इंच बाजूला धरा. बोर्ड ते जकार्ड उंची ३० इंच असेल तर कडेची तार साधारण ३.६६ इंच उचलली जाते. उंची ६० इंच केलीत तर ३.९ इंच. पाव इंचाचा फरक दिसायला किरकोळ, पण धोटा कडेलाच तर आत शिरतो. तिथेच तोंड (धोटा जायची तारांमधली फट) कमी उघडलं तर तारा तुटत राहणार.

रुंद मागाला हे फार जाणवतं. ६० इंच रुंदीला ४० इंच उंची ठेवली तर मधे ४ इंच आणि कडेला सव्वातीन. शाळेतलं पायथागोरस आहे, करून बघा.

म्हणून पत्रा वर उचलता येत असेल तर उचला. ते शक्य नसेल तर माग खाली घ्या. खड्डामागासारखा पाय ठेवायला खड्डा काढला की दीड-दोन फूट सहज मिळतात. आणि जकार्ड बसवताना ओळंबा सोडा. जकार्डाचा मध्य, बोर्डाचा मध्य आणि फणीचा मध्य एका रेषेत आले पाहिजेत.

तूरवाला

खड्ड्याची कल्पना डोक्यात आलीच नव्हती! पडवीची जमीन मातीची आहे, होऊन जाईल. सगळ्यांचा फार आभारी आहे.

आता दुसरा प्रश्न. दोऱ्या वरून की खालून?

निवृत्त_जॉबर

खालून. आधी डोळा, त्याच्या वरचा-खालचा धागा आणि लिंगो यांची जोडणी घरातल्यांना बसवून तयार करून घ्या. हार्नेसच्या दोऱ्या दोन खुंट्यांवर गुंडाळून एका मापाच्या कापा. बोर्डातून ओवून घ्या. मग सगळे डोळे एका सळईवर माळेसारखे घाला, ती सळई हव्या त्या उंचीला दोन्हीकडे पक्की बांधा, आणि मग वर जाऊन एकेक दोरी हुकाच्या नेककॉर्डला (हुकाखाली लोंबणाऱ्या दोरीला) ताणून गाठ मारा. खाली पातळी पक्की आहे, वरची गाठ ठरवते.

पूर्वभागकर

काका, आमच्याकडे उलटं. आजोबा वरच्या गाठी आधी पक्क्या करायचे आणि शेवटी खाली, डोळ्याजवळ, सरकगाठीने पातळी आणायचे. कारण पुढे एखादी दोरी तुटली तर दुरुस्ती खालीच होते, वर चढावं लागत नाही. पातळीही डोळ्यासमोर दिसते.

निवृत्त_जॉबर

यंत्रमागावर सरकगाठ हादऱ्याने सुटते, म्हणून आम्ही वर बांधायचो. हातमागाला तुमच्या आजोबांची पद्धत चालेल. चालेल काय, बरीच सोपी पडेल. मी मागे घेतो.

पण कुठल्याही पद्धतीने बांधा, सुरुवात मागच्या डाव्या कोपऱ्यातून. हूक नंबर एक कुठला, सुई नंबर एक कुठली आणि कार्डावरचं पहिलं भोक कुठलं, हे तिन्ही खडूने लिहून ठेवा. लिहिलं नाही तर चौथ्या दिवशी तुमचा तुमच्यावर विश्वास राहणार नाही.

धोटा

दोरी कसली घ्यायची?

पूर्वभागकर

पूर्वी सुती किंवा तागाची पीळदार दोरी, जवसाचं तेल पाजलेली. पावसाळ्यात ती ओढ घ्यायची आणि काही डोळे वर चढायचे, मग आजोबा श्रावणात पुन्हा पातळी बघायचे. आता पॉलिस्टर घ्या, हवामानाचा त्रास नाही. पण बांधण्याआधी दोन दिवस वजन लावून टांगून ठेवा, म्हणजे ताणायची तेवढी ताणून जाते.

रेशीमगाठ

जरा वेगळं बोलते, राग मानू नका. मी पैठणी जमवते. जकार्ड आलं आणि हाताची कला गेली असं मला वाटतं. तार मोजून, एकेक रंगाची कांडी फिरवून काढलेला पदर कुठे आणि कार्डाने उचललेली नक्षी कुठे? हा माणूस हातमागावर इतकं सुंदर काम करतोय, त्याने जकार्डाच्या नादी का लागावं?

येवलेकरीण

रेशीमगाठताई, राग कशाचा. मी तिसऱ्या पिढीची विणकर आहे. आमच्या घरात दोन माग शेजारी शेजारी आहेत, एकावर जकार्ड, एकावर नाही.

पदर अजूनही हातानेच होतो. रंगाची कांडी रंगाशी गुंतवत, तार मोजत. म्हणून तर खऱ्या पैठणीचा पदर मागून पुढून जवळजवळ सारखाच दिसतो. तिथे जकार्ड नाही. ब्रोकेडच्या काठाला मात्र लावतो. साडीभर लांब काठ, तीच वेल हजारदा. ते काम जकार्डाने उचललं तर माझे डोळे आणि वेळ पदरासाठी उरतात. आणि पायाने जकार्ड उचलणारीही मीच असते, धोटा टाकणारीही मीच. बटण दाबून साडी पडत नाही.

गिऱ्हाइकाला काय हाताचं आणि काय जकार्डाचं ते खरं सांगितलं पाहिजे, एवढं तुमचं मला शंभर टक्के पटतं. जकार्डाची साडी पूर्ण हाताची म्हणून विकणारे आमचंच नुकसान करतात.

रेशीमगाठ

हे ऐकून बरं वाटलं. दोन माग शेजारी असतात हे माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी येवल्याला आले की विचारून घेईन.

हिमरू_शोधतोय

अवांतर: जकार्डाच्या आधीही आपल्याकडे हार्नेस होताच. औरंगाबादची हिमरू, बनारसचा किनखाब हे जाल्यावर विणले जायचे. नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यातच गाठवलेली. बनारसला हे जाळं बांधणाऱ्याला नक्षाबंद म्हणत. मागाच्या वर किंवा बाजूला एक मुलगा बसायचा आणि विणकराच्या इशाऱ्यावर एकेक जुडी ओढायचा. जकार्डाने त्या मुलाची जागा घेतली. खालच्या दोऱ्यांचं तत्त्व तेच राहिलं.

सुटसुटीत

एवढी खटपट कशाला? इलेक्ट्रॉनिक जकार्ड घ्या. कार्ड नाही, पंचिंग नाही. डिझाइन फाइल टाकली की चालू.

निवृत्त_जॉबर

इलेक्ट्रॉनिक जकार्ड १९८३ मध्ये बोनास कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात आणलं, तेव्हापासून कार्डाची कटकट गेली हे खरं. पण त्याच्या खालीही नेककॉर्ड, दोरी, कॉम्बर बोर्ड, डोळा सगळं तसंच असतं. फक्त वजनाच्या जागी बऱ्याचदा खाली स्प्रिंग. कुठला हूक उचलायचा ते संगणक सांगतो. त्या हुकाला कुठल्या तारा बांधल्यात ते माणूसच ठरवतो. हार्नेसमधून सुटका नाही.

आणि घरच्या पडवीतल्या एका हातमागासाठी तो खर्च कुणाला झेपणार आहे?

येवलेकरीण

तूरवालादादा, सकाळपासून तुमचं माप डोक्यात घोळतंय. १३४४ डोळे बांधू नका.

तुम्ही साधी वीण आणि वर जादा बाण्याचे बुट्टे करणार ना? मग जमीन, म्हणजे खालची साधी वीण, जकार्डावर कशाला टाकता? सगळी वीण जकार्डावर टाकलीत तर साध्या पिकांचीही कार्डं पाडावी लागतील. बुट्ट्याची २०० पिकं असतील तर कार्डं ४०० होतील, आणि प्रत्येक साध्या पिकाला अर्धा ताणा जकार्डाने उचलायचा. पाय मोडून जाईल.

असं करा. एका डोळ्यातून दोन तारा घ्या. म्हणजे डोळे ६७२ च. हार्नेसच्या पुढे, वीतभर तरी अंतर सोडून, दोन वह्या लावा. त्या वह्यांचे डोळे लांब हवेत, जकार्डाने तार उचलली तरी वहीत अडकू नये इतके लांब. जोडीतली एक तार पहिल्या वहीत, दुसरी दुसऱ्या वहीत. दोन पावडे (पायाने दाबायच्या पट्ट्या) वह्यांना, तिसरं जकार्डाला. साधं पीक वह्यांवर, बुट्ट्याचं पीक जकार्डावर. कार्डं फक्त बुट्ट्याची.

आता फायदा बघा. काठाच्या १९२ तारांना ९६ हूक पुरतात. अंगाचे डोळे ४८०, त्याला २४० हूक घेतले तर दहा इंचांची नक्षी दोनदा येते, तीही सरळ बांधणीत. ९६ आणि २४० मिळून ३३६, बरोबर ४२ ओळी. नऊ ओळी मोकळ्या. नक्षीची पायरी दोन तारांची होईल, म्हणजे गोलाई थोडी ठसठशीत दिसेल, पण सुती स्टोलला ती शोभते. कॉम्बर बोर्डाला इंचाला तीनच ओळी.

निवृत्त_जॉबर

वा. हे मला सुचायला हवं होतं. आयुष्य यंत्रमागावर गेलं, तिथे वजन मोटार उचलते, पायाचा विचार होतच नाही.

लिंगो २० ग्रॅमचा धरला तर १३४४ चे जवळजवळ २७ किलो झाले असते. आता साडेतेरा. आणि कापड उलटं विणा, सुलटी बाजू खाली. बुट्टा खालच्या बाजूला दिसायचा असेल तर फक्त बुट्ट्याच्या जागच्या तारा उचलाव्या लागतात, बाकीचा ताणा खालीच राहतो. पायाला फुलासारखं हलकं लागेल. बुट्टा बघायला छोटा आरसा धरा मागाखाली.

मोकळ्या नऊ ओळी सोडताना ओळीच्या ओळी सोडा. ओळीतला एखादा हूक मधेच सोडू नका, पंचिंगवाला गोंधळतो.

दख्खनी_पोत

दहा इंची सरळ नक्षी मिळत असेल तर माझी पॉइंट बांधणी मी परत घेतो.

तूरवाला

येवलेकरीणताई, तुम्ही माझं निम्मं काम आणि निम्मं ओझं कमी केलंत. ठरलं. ६७२ डोळे, दोन लांब डोळ्यांच्या वह्या, तीन पावडे. उद्यापासून खड्डा.

तूरवाला (सात आठवड्यांनी)

मंडळी, हार्नेस बांधून झाला.

खड्डा पावणेदोन फूट काढला, वर पत्राही थोडा उचलला, आता बोर्ड ते जकार्ड ५४ इंच मिळाले. डोळे आणि लिंगो आईने आणि शेजारच्या दोन मुलींनी जोडून दिले. दोऱ्या पूर्वभागकरताईंच्या पद्धतीने, वर आधी आणि पातळी खाली. पातळी आणायलाच नऊ दिवस गेले. काल पहिल्यांदा सगळे हूक एकदम उचलले आणि पूर्ण ताणा एका रेषेत वर आला. आई दारात उभी होती, तिने हात जोडले. मला कसं वाटलं ते लिहिता येत नाही.

आज कार्डांची पहिली माळ लावून वीतभर विणलं. अंगाची नक्षी स्वच्छ. डावा काठ स्वच्छ. पण उजव्या काठाच्या वेलीला दात आलेत, करवतीसारखे. दर आठ डोळ्यांना एक दात. कार्ड तेच, हूक तेच. डावीकडे बरोबर आणि उजवीकडे चूक, हे कसं?

फोटो जोडलाय. झोप येणार नाही आज.

ओळंबा

दर आठ म्हणजे बोर्डाच्या खोलीतच घोळ आहे.

निवृत्त_जॉबर

फोटो मोठा करून पाहिला. काठ आरशात घेताना तुम्ही ओळींचा क्रम उलटवलात, बरोबर केलंत. पण ओळीच्या आतल्या आठांचा क्रम उलटवला नाही. डावीकडे हूक एक मागे आणि हूक आठ पुढे. उजवीकडेही तसाच बांधलाय आणि तारा दोन्हीकडे मागून पुढे भरल्यात. त्यामुळे उजव्या काठात प्रत्येक आठाचा गट आपल्या जागी सुलटाच राहिला. आरसा अर्धाच झाला.

घाबरू नका आणि एकही गाठ सोडू नका. दोऱ्या आहेत तशाच राहू देत. फक्त उजव्या काठाच्या १९२ तारा फणीतून, वह्यांतून आणि डोळ्यांतून काढा आणि पुन्हा भरा. या वेळी प्रत्येक ओळीत पुढून मागे. वही-फणी करणाऱ्याचं दोन-तीन तासांचं काम आहे.

येवलेकरीण

आणि भरताना जोडीतल्या दोन तारा वह्यांत आलटून पालटून जातात ना ते तपासा, नाहीतर साध्या विणीत जोडतार येईल. कुणीतरी समोर बसून तारा हातात द्यायला हवं. एकट्याने नका करू.

तूरवाला

आई बसतेय समोर. १९२ पैकी ४० झाल्या. डोळ्याजवळ दिवा लावलाय.

पूर्वभागकर

झालं की लगेच फोटो टाका, कितीही वाजले तरी. मी जागी आहे.

तूरवाला

पहाटेचे सव्वाचार. फोटो बघा. दोन्ही काठ.